मेलेल्या कावळ्याची नोंद कोण घेणार? इंदूरच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
इंदूर जिल्ह्यात रोगनियंत्रण, पशुआरोग्य आणि शहराची स्वच्छता यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझा दवाखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी चालवते. रामबाग, नारायण बागेतली जुनी मराठी कुटुंबं माझ्याकडे येतात, तसे मंडईतले हम्माल, चिकनच्या दुकानातली मुलं आणि निगमच्या (महापालिकेच्या) झाडूवाल्या बायकाही येतात. बर्ड फ्लूसारख्या आजारांवर नजर ठेवण्याबद्दलचं हे पत्र मी आधी खाजगीत पाठवलं होतं. पोचसुद्धा आली नाही, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे.

मार्गशीर्ष लागला तसे आमच्या भागात नाल्याकाठच्या पिंपळाखाली कावळे मरून पडू लागले. सकाळी एक, दुपारी दोन, दुसऱ्या दिवशी आणखी. मी स्वतः जाऊन पाहिले. अंगावर जखम नाही, पंख धड, मान मात्र उलटी पाठीकडे वळलेली आणि पायांची बोटं घट्ट मिटलेली. एक अजून जिवंत होता. उभं राहायला जायचा आणि एका कुशीवर कलंडायचा. विजेचा झटका बसलेला कावळा असा दिसत नाही. रोज सकाळी येणाऱ्या कचरागाडीत ते सगळे गेले. उचलणाऱ्या बाईंच्या एका हातात फाटका हातमोजा होता, दुसरा हात उघडाच.

तीन-चार दिवसांनी त्याच बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. दोन्ही डोळे लालबुंद, पाणी वाहतंय, अंगात ताप आणि पोट बिघडलेलं. खोकला नाही, दम नाही. त्यांच्या घशाचा आणि डोळ्यांचा नमुना घेऊन तपासावा एवढंच माझं म्हणणं होतं. मी एका कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसरीकडे करायला सांगितलं, दुसऱ्यांनी तिसरीकडे. शेवटी एका ठिकाणी उत्तर मिळालं: "मॅडम, खोकला आहे का? श्वास लागतो का? नाही ना? मग सॅम्पल बसत नाही." पक्ष्यांबद्दल विचारलं, तर कावळे आता कुठे आहेत हा प्रश्न आला. कावळे तोवर कचऱ्यात गेलेले होते.

त्या बाई बऱ्या झाल्या. त्यांना बर्ड फ्लू झाला होता असं मी म्हणत नाही. इंदूरमध्ये डोळे येण्याची साथ नवी नाही, आणि पोट बिघडायला इथे कारणं पुष्कळ आहेत. पण नव्हता असंही आता कोणी सांगू शकणार नाही. हे "माहीत नाही" मला मान्य नाही, कारण ते टाळता येण्यासारखं होतं.

लक्षणांच्या ज्या चौकटीत त्या बाई "बसत नव्हत्या", ती चौकटच जुनी झाली आहे. बर्ड फ्लू म्हटलं की ताप, खोकला, न्यूमोनिया हेच डोळ्यांपुढे येतं. पण मार्च 2024 मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि त्यानंतर तिथले गोठ्यांतले आणि कोंबडी फार्मवरचे कामगार आजारी पडले. प्राण्यांच्या संपर्कातून लागण झालेल्या 45 जणांचा अभ्यास त्या वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 93 टक्के लोकांचे डोळे आले होते. ताप साधारण निम्म्यांना होता. श्वसनाच्या तक्रारी अवघ्या 36 टक्क्यांना. खोकल्याचीच वाट पाहिली असती तर निम्म्याहून अधिक जण निसटले असते. त्याआधी 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हाही बहुतेकांना डोळ्यांचाच त्रास झाला. मात्र त्याच साथीत एक पशुवैद्य न्यूमोनियानं दगावला. म्हणजे लाल डोळे दिसले की आजार सौम्यच, असं धरून चालता येत नाही.

व्हिएतनामचं उदाहरण याहून गंभीर आहे. 2004 मध्ये चार वर्षांचा एक मुलगा जुलाबानं आजारी पडला, मग त्याला झटके आले, बेशुद्ध झाला आणि गेला. त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीचा दोन आठवड्यांपूर्वी तसाच मृत्यू झाला होता. मेंदूज्वर समजून उपचार झाले. नंतर त्याचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा मेंदूभोवतालच्या द्रवात, रक्तात आणि शौचात एच५एन१ सापडला. आपल्याकडे मार्च 2025 मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी एच५एन१ नं दगावली. तिलाही ताप आणि श्वासाच्या त्रासाबरोबर जुलाब आणि झटके होते. घरात कच्च्या कोंबडीचा तुकडा तिच्या तोंडात गेला होता, असं समोर आलं. त्याआधी 2021 च्या जुलैमध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत दगावला. माणसाच्या एच५एन१ मृत्यूची ती देशातली पहिली नोंद. जुलाब आणि झटके घेऊन एखादं लेकरू आज इंदूरच्या कुठल्याही बालरोग विभागात आलं, तर घरात कोंबडी मेली का, आजूबाजूला पक्षी पडलेत का, हे त्याच्या आईला कोण विचारतं?

"हे सगळं दूरचं आहे" असं कोणी म्हणेल. दूरचं नाही. डिसेंबर 2020 च्या शेवटच्या आठवड्यात याच शहरात, डेली कॉलेजच्या हिरव्यागार आवारात सुमारे पन्नास कावळे मेलेले सापडले आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं बर्ड फ्लूचा एच५एन८ हा प्रकार असल्याचा निर्वाळा दिला. मागोमाग मंदसौरहून बातमी आली, झाबुआत कडकनाथच्या फार्मवर कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हा हा प्रकार माणसाला होत नाही असा दिलासा आम्हाला दिला गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये रशियानं जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं की कोंबडी फार्मवरच्या सात कामगारांमध्ये एच५एन८ आढळला आहे. कामगारांना त्रास जवळपास नव्हताच, पण "होत नाही" हा शब्द दोन महिन्यांच्या आत खोटा पडला.

नंतर नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात 2024 च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं गेले. 2025 च्या सुरुवातीला आपल्याच राज्यातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरींमध्ये तोच विषाणू सापडला. आमच्या गल्लीत चिकनच्या दुकानाबाहेर आतड्यांचे तुकडे पडतात, त्यावर मांजरी तुटून पडतात, आणि त्याच मांजरी रात्री कोणाच्या तरी पोराच्या पांघरुणात झोपतात. कोणाच्या घरात मांजर ताप येऊन दोन दिवसांत गेली, तर ती नाल्यात टाकली जाते. कोणाला कळवायचं हेच कोणाला ठाऊक नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते. कोणावर व्यक्तिशः रोख नाही.

पहिली तक्रार नोंदीची. आपलं शहर ओला, सुका, प्लास्टिक, घातक असा सहा प्रकारांत कचरा वेगळा करतं. देशभर त्याचं कौतुक होतं आणि मलाही त्याचा अभिमान आहे. रोज सकाळी प्रत्येक दारात जाणारी माणसं जगातल्या किती शहरांकडे आहेत? शहरात कुठे पक्षी मरताहेत हे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतं. पण त्यांच्या गाडीत मेलेल्या पक्ष्यासाठी वेगळी पिशवी नाही, सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोग्याच्या वहीत त्याचा रकाना नाही आणि निगमच्या 311 या तक्रार ॲपवर तक्रार केली तर "मृत जनावर उचलले" एवढ्यावर ती बंद होते. उचललं हे बरोबरच, पण कशानं मेलं हे विचारण्याआधीच उचललं.

दुसरी तक्रार कायद्याच्या पोकळीची. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं आजारी जनावर कळवण्याची जबाबदारी मालकावर किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकली. कोंबडीला मालक असतो. नाल्याकाठच्या कावळ्याला, सिरपूरच्या तळ्यावर उतरलेल्या बदकाला मालक कोण? सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहेत, आणि 2025 च्या जानेवारीत इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. मान सगळ्यांनी घेतला. त्या पाण्यावर थंडीत उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांपैकी कोणी मेलं तर नमुना कोणी न्यायचा, यावर मात्र वन, पशुपालन आणि निगम यांच्यात एकमत नाही. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून ज्याची आपण हात जोडून वाट बघतो, त्या कावळ्याच्या मृत्यूची जबाबदारी कोणत्याच खात्याच्या वाट्याला आलेली नाही.

तिसरी तक्रार माझ्या स्वतःच्या क्षेत्राबद्दल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रोगांवर नजर ठेवण्याचा एकात्मिक कार्यक्रम देशात 2004 पासून आहे. आशाताई आणि नर्सताईंसाठी एस फॉर्म, डॉक्टरांसाठी पी, प्रयोगशाळांसाठी एल. आता हे सगळं संगणकावर आलं आहे आणि त्यात "काहीतरी वेगळं घडतंय" हे कळवण्याचीही सोय आहे. आराखडा चांगला आहे. पण इंदूरचे बहुसंख्य रुग्ण पहिल्यांदा जातात ते माझ्यासारख्या छोट्या खाजगी दवाखान्यात, आणि आमच्यापैकी कितीजणांना हा फॉर्म कधी कोणी दाखवला? जे थोडेफार भरतात, त्यांना परत काही मिळत नाही. माझ्याकडे या आठवड्यात लाल डोळे आणि जुलाब असे काही रुग्ण आले. छत्रीबागेतल्या डॉक्टरकडेही आले का, हे मला त्याला फोन करूनच कळतं. माहिती फक्त वर जाते, खाली काही येत नाही. असा फॉर्म किती दिवस मन लावून भरायचा?

आणि या नजर ठेवण्याचा उपयोग फक्त बर्ड फ्लूपुरता आहे असं समजू नका. छिंदवाड्याच्या परासियात 2025 च्या सप्टेंबरात साध्या सर्दी-तापाची मुलं लघवी बंद होऊन दगावू लागली. उंदीर, पाणी, डास असे सगळे संशय घेऊन झाले. नागपूरला नेलेल्या मुलांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीतून विषाची दिशा मिळाली आणि खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. वीसहून अधिक लेकरं गेली. अनोळखी आजार कळतो तो वेगवेगळ्या दवाखान्यांतले पर्चे एकाशेजारी एक मांडल्यावर, आणि ते मांडायला जितका उशीर होतो तितकी माणसं जातात. परासियात तपासायचं होतं औषध, इथे तपासायचा आहे पक्षी. पण पर्चे एकत्र करणारं टेबल दोन्हीकडे सारखंच लागतं, आणि ते इंदुरात मला कुठे दिसलं नाही.

चौथी तक्रार "अफवा पसरवू नका" या वाक्याची. कोंबडीवाल्यांचं नुकसान होतं हे मला समजतं. 2021 मध्ये माझ्याच पेशंटांचे धंदे बसलेले मी पाहिले आहेत. पण नमुना घेण्याआधी "घाबरण्यासारखं काही नाही" म्हटलं की लोकांचा विश्वास उडतो आणि मग खरोखर काही नसतं तेव्हाही कोणी ऐकत नाही. कोंबड्या नष्ट केल्यावर मिळणाऱ्या भरपाईत केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा वाटा असतो. ती वेळेवर आणि रास्त मिळाली तर फार्मवाला आजार लपवणार नाही. लपवला की आजारी कोंबड्या रातोरात स्वस्तात विकल्या जातात, आणि त्या कापणारी मुलं माझ्याकडे येतात.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पक्षी, मांजर, कुत्रा यांचा संशयास्पद मृत्यू कळवण्यासाठी एकच क्रमांक जाहीर करा. कोणत्या खात्याचं काम हे ठरवण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर टाकू नका. 311 वर त्यासाठी वेगळा रकाना उघडा, तक्रारीला क्रमांक द्या आणि तपासणीचा निकाल त्याच माणसाला कळवा. एका जागी थोड्या दिवसांत अनेक पक्षी मेले तर त्याच दिवशी, बर्फाच्या पेटीतून, नमुने भोपाळला जावेत. देशातली या रोगाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे, कित्येक राज्यांना हे भाग्य नाही. निकाल काहीही असो, जाहीर करा. "बर्ड फ्लू नाही" हीसुद्धा बातमीच आहे.

सफाई कामगारांना धड हातमोजे, मास्क, चष्मा आणि झिप असलेल्या पिशव्या द्या. मेलेले पक्षी ज्यांनी उचलले त्यांची नावं नोंदवा आणि पुढचे दहा दिवस रोज फोन करून ताप, डोळे, पोट, श्वास विचारा. त्रास झाला तर सुट्टीचा पगार कापू नका. पगार कापला जाणार असेल तर कोणीही आजार सांगणार नाही. माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईही आधी दोन दिवस डोळे लाल असताना झाडू मारत होत्या.

सर्व सरकारी रुग्णालयांच्या पर्च्यावर एक ओळ छापा: गेल्या दहा दिवसांत आजारी किंवा मेलेला पक्षी, कोंबडी, जनावर, कच्चं दूध यांच्याशी संपर्क आला का? उत्तर "हो" असेल आणि ताप, लाल डोळे, जुलाब, झटके किंवा नाका-हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही असेल, तर खोकला नसला तरी नमुना घेतला जावा. डोळे आले असतील तर डोळ्यांचाही. विषाणू तपासणीची सोय एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात आहे, पुष्टीसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिव्हिर पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं, तेव्हा त्याचा साठा जिल्ह्यात कुठे आहे आणि रात्री तो कोण देईल, हे आम्हा खाजगी डॉक्टरांना लेखी कळवा.

आणि आठवड्याला एक पान, फक्त एक पान, शहरातल्या सगळ्या दवाखान्यांना परत पाठवा: कोणत्या वॉर्डात काय वाढलंय, कुठे पक्षी मेले, कोणते नमुने गेले, कोणते आले. आरोग्य, पशुपालन, वन आणि निगम या चौघांची माणसं आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसली तर ते पान तासाभरात तयार होईल. केंद्रानं "एक आरोग्य" म्हणून राष्ट्रीय मिशनच मंजूर केलं आहे. त्याचा अर्थ इंदूरपुरता एवढाच: हे चारजण एका टेबलाशी बसतील.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. 2020-21 ची घटना डिसेंबरअखेर सुरू झाली होती आणि या वर्षीची थंडी आता पडायला लागली आहे. म्हणून माझी विनंती आहे की निदान फोन क्रमांक, कामगारांचे हातमोजे आणि नमुना कोण नेणार याचा लेखी आदेश, एवढं तरी संक्रांतीच्या आत व्हावं. वॉर्डातल्या डॉक्टरांची बैठक बोलावलीत तर मी पहिली येईन आणि पी फॉर्म भरायला शेजारच्या पाच दवाखान्यांना शिकवण्याची जबाबदारी घेईन.

कळावे,
आपली,
जुन्या इंदुरातली एक फॅमिली डॉक्टर

ता.क. पत्र वाचणाऱ्या शेजाऱ्यांसाठी. मेलेला पक्षी हातानं उचलू नका. लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, जागेचा फोटो काढा, निगमला कळवा आणि उचलायला आलेल्या माणसाला आधी दोन पिशव्या द्या. उचललाच असेल तर साबणानं हात धुवा, तोवर डोळ्यांना हात लावू नका. अंडी आणि कोंबडी खाणं बंद करायची गरज नाही, पूर्ण शिजवलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही. कच्चं मांस धुताना मात्र लहान मूल जवळ नको. दूध उकळूनच प्या. आणि पुढच्या दहा दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले किंवा पोट बिघडलं, तर डॉक्टरनं विचारायची वाट न पाहता पक्ष्याला हात लागल्याचं आपणहून सांगा.